वाढत्या अंगाचं माप

१

सकाळी साडेसातला मी शटर वर करतो. मशीनला दोन थेंब तेल देतो, कात्री फडक्याने पुसतो आणि पहिली पँट हातात घेतो. अठ्ठावन्न वर्षं हेच केलं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटली. पण पंचवटीत सहादू टेलरचं माप चुकलं असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही.

पुढे दुकान, मागे स्वयंपाकाची खोली, वर लाकडी फळ्यांचा माळा. माळ्यावर पत्रे. तिथे माझा नातू हर्षल झोपतो. त्याचे आईबाप सटाण्याला शेती करतात. तो अंबडला कारखान्यात लागला म्हणून चार वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आला. त्याच वर्षी माझी बायको सिंधुबाई गेली. तेव्हापासून घरात आवाज दोनच. माझी मशीन आणि त्याची पावलं. खाटेपासून जिन्यापर्यंत सात पावलं. ती माझ्या डोक्यावरून जातात. सातवं पडलं की मी चहा ठेवतो.

हर्षल पाच फूट दोन इंच. चौदाव्या वर्षीच थांबला. आमच्या घराण्यात उंच कोणीच नाही, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. त्याला वाटत होतं, हे मला या वर्षी कळलं. तीन मुली बघून झाल्या. तिसरीच्या घरून निरोप आला, मुलगा चांगला आहे, पण शेजारी उभा राहिला की धाकटा भाऊ दिसतो.

त्यानंतरच्या रविवारी तो माळ्यावरून सगळ्या पँटी घेऊन उतरला आणि माझ्यासमोर टाकल्या. एकीच्या पायाची मोहरी त्याने उसवली होती.

"हे काय आहे आजोबा?"

"दाब आहे."

दाब म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. लहान पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. पोरगं वाढलं की दाब सोडायचा, पँट अजून दोन वर्षं जाते.

"मी चोवीस वर्षांचा आहे."

"हाताला सवय आहे."

"प्रत्येक पँटीत दोन इंच. दहा वर्षं. तुम्ही वाट बघत होता. आणि तोंडाने म्हणता, आहेस तसा बरा आहेस."

मग त्याने सांगितलं. गंगापूर रोडला एक डॉक्टर आहे, पायाचं हाड कापून उंची वाढवतो. घरातलं मोठं माणूस बरोबर आणायला सांगितलं आहे. सटाण्याला कळवायचं नाही.

मी जाणार नव्हतो. पण ती उसवलेली मोहरी मशीनवर तशीच पडली होती. म्हटलं, जाऊ, डॉक्टरच्या तोंडूनच त्याला नाही ऐकवू.

"चल," म्हणालो.

२

सिंहस्थाच्या तयारीला रस्ते खणून ठेवलेत. रिक्षाला पाऊण तास लागला. इमारत नवी, तिसरा मजला, दुपारचे बारा. बसायच्या खोलीत आम्ही दोघंच.

आधी दारं खटकली. माझं काम मापाचं, डोळा आपोआप जातो. दारांना वरची चौकट नव्हती. दार थेट छताला टेकलेलं. कडी माझ्या कानाशी.

"सुताराने पट्टी उलटी धरली वाटतं," मी हर्षलला म्हणालो. तो हसला नाही. मोबाईल बघत होता.

मग आवाज. आमच्या बाकामागे भिंत होती आणि भिंतीपलीकडे बोळ. येताना पाहिला होता. लांब, रिकामा, माणसाला वीस-बावीस पावलं लागतील असा. तिथून कोणीतरी चाललं. एक पाऊल पडलं. मग इतका वेळ गेला की मला वाटलं, थांबलं. मग दुसरं पडलं. पाच पावलांत बोळ संपला.

ढांगेवरून पायाची लांबी मला सांगता येते. गिऱ्हाईक दुकानात शिरतं तेव्हाच अर्धं मापून झालेलं असतं. त्या ढांगेची पँट मी मनातल्या मनात कापायला घेतली आणि कापड पुरेना.

मी स्वतःला समजावलं. इथे हाड कापलेली माणसं असणार. कोणी कुबड्या टाकत हळू चाललं असेल. कुबड्यांचा आवाज कसा असतो, तेही मला माहीत होतं. हा तो नव्हता.

३

डॉक्टर पन्नाशीचा, मऊ आवाजाचा. टेबलामागे बसला होता. आम्ही आत गेलो, बाहेर आलो, तो एकदाही उठला नाही.

त्याने सगळं नीट सांगितलं. हाड कापतात. आत दांडी घालतात. रोज एक मिलिमीटर हाड दूर करतात. मधली जागा शरीर स्वतः भरून काढतं. तीन इंचांपर्यंत जाता येतं.

"दुखतं?" हर्षलने विचारलं.

"दुखतं."

"ह्याला झालंय काय?" मी म्हणालो. "चालतो, पळतो, पोत्याला हात लावला तर उचलतो. धडधाकट हाड कापायचं कशाला?"

"तुमचं म्हणणं बरोबर आहे काका," डॉक्टर म्हणाला. "आपण नुसतं माप घेऊ. मापाने काही बिघडत नाही."

त्याच्या हाताखाली तेजस्विनी नावाची मुलगी होती. तिने टेप आणली आणि हर्षलच्या कमरेला लावली. टेप मध्ये पोट काढत होती. मला बघवेना.

"सैल आहे टेप."

"मग तुम्ही घ्या ना," डॉक्टर म्हणाला. "घरच्या माणसाने घेतलेलं माप आम्हाला जास्त चालतं."

मी खिशातली माझी टेप काढली. कमरेपासून घोट्यापर्यंत ताणून धरली. टेपवर साडेछत्तीस होते. तोंडातून आलं, "साडेअडतीस."

दाब धरून. हर्षलचं माप मी कधी दाबाशिवाय बोललोच नव्हतो. जीभ तिच्या वाटेने गेली. हर्षलने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेव्हाच दुरुस्त करायला हवं होतं. पण त्या मुलीची टेप सैल म्हणून झालं होतं. तिच्यासमोर माझंच माप चुकलं म्हणायचं मला जमलं नाही.

"टेपवर साडेछत्तीस दिसले," डॉक्टर म्हणाला.

"मी दाब धरून सांगतो. वाढत्या अंगाचं."

"अच्छा. म्हणजे हे शेवटचं माप नव्हे."

"वाढत्या अंगाला शेवटचं माप नसतं."

हे धंद्यातलं बोलणं आहे. आया घासाघीस करायला लागल्या की मी हेच ऐकवतो. डॉक्टरने ते शब्दाला शब्द लिहून घेतलं आणि कागद तेजस्विनीकडे दिला.

"एवढंच पाहिजे होतं," तो म्हणाला.

ऑपरेशनची तारीख विचारली तर "कळवू" म्हणाला. जिना उतरताना हर्षलने माझा हात धरला. सहावीत गेल्यापासून त्याने माझा हात धरला नव्हता.

"तुम्हालाही वाटतं ना, वाढावं?" तो म्हणाला.

मी पायऱ्या बघत उतरलो.

४

आठव्या दिवशी डोक्यावरून सहाच पावलं गेली. मला वाटलं, एक निसटलं असेल. चहा ठेवायला उशीर झाला.

माझ्या शेजारी खाजाभाई काज-बटण करतो. चाळीस वर्षं भिंतीला भिंत. हर्षल कामावर जायला निघाला तसा तो दारातून ओरडला.

"सहादूभाऊ, नातवाची पँट आटली की! घोटे दिसून राहिले. का फॅशन हाय?"

"आटली असेल."

"टेरिकॉट आटतं? अल्ला, हे तुमच्या तोंडून ऐकतोय मी!"

संध्याकाळी मी हर्षलला उभं केलं. साडेअडतीस. कापडी टेप जुनी झाली की ताणते, म्हणून ती लोखंडी पट्टीला लावून पाहिली. बरोबर होती. मग दाब उसवला. दोन इंच कापड खाली आलं आणि मोहरी बुटावर जशी पडायला हवी तशी पडली.

हर्षल आरशासमोर वळून वळून बघत होता. मी त्याला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"डॉक्टरांनी काही गोळी दिली का तुला?"

"काही नाही दिलं आजोबा. खरंच. दुखतही नाही."

मी स्वतःला सांगितलं, काही पोरं उशिरा वाढतात. चोवीसाव्या वर्षी वाढल्याचं ऐकलं नव्हतं, पण मी शिकलेला माणूस नाही. असेल.

पंधराव्या दिवशी पाच पावलं. पँटीला मी खालून दुसरं कापड जोडलं. विसाव्या दिवशी चार. कमरेच्या वरचा हर्षल होता तेवढाच होता. जुना शर्ट त्याला बरोबर होत होता. महिना भरला तेव्हा तो दुकानातून वाकून बाहेर जायला लागला आणि खाजाभाई त्याला बघून काही बोलेनासा झाला. एकदा त्याने मला बाजूला घेतलं.

"भाऊ, सटाण्याला कळवा," एवढंच म्हणाला.

मी कळवलं नाही. काय कळवणार होतो?

मग हर्षलने अंबडला जाणं सोडलं. "बसमध्ये पाय मावत नाहीत," तो हसून म्हणाला. चार दिवसांनी तेच सांगताना हसला नाही. त्यानंतर तो माळ्यावरून उतरलाच नाही. मी ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचो. थोड्या वेळाने रिकामं ताट तिथेच असायचं.

त्याची आई कुसाबाई हिचा फोन आला.

"बाबा, पोऱ्या बरा शे ना? फोन उचलत नाही."

"कामात आहे," मी म्हणालो.

त्या सकाळी डोक्यावरून दोनच पावलं गेली होती.

५

मी एकटा गंगापूर रोडला गेलो. बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर रिकामी पिशवी, घडी घातलेली. विंचूरची लंकाबाई म्हणून तिने ओळख सांगितली.

"कोणाला आणलं?" तिने विचारलं.

"नातवाला."

"माझी लेक व्हती. बुटकी म्हणून कोणी करून घेईना. माप दिलं का तुम्ही?"

"दिलं."

"शेवटचं?"

"नाही."

"मी दिलं. म्हटलं, लय झालं आता, थांबवा. तर थांबवलं त्यांनी."

"मग बरी आहे लेक?"

तिने बोट वर केलं. गप्प बसा, अशी खूण. भिंतीपलीकडे एक पाऊल पडलं. मी श्वास धरून बसलो. खूप वेळाने दुसरं पडलं. म्हातारीचे ओठ हलत होते.

"तीच हाय," ती म्हणाली. "टाच घासत चालायची लहानपणापासून. लय ओरडायचे मी. बघा, अजून घासती."

प्रत्येक पावलाच्या शेवटी खरंच एक घासल्याचा आवाज होता.

"थांबवलं तशी तिला हितंच ठेवून घेतली. मला आत सोडीत नाहीत," लंकाबाई म्हणाली. "मंगळवारी आन् शुक्रवारी येते. बसते. एवढं तरी हाय."

मी उठून नोंदणीच्या खिडकीपाशी गेलो. तेजस्विनी कागद लावत होती.

"माझं माप चुकलं," मी म्हणालो. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा. "मी दोन इंच जास्त सांगितलं. ते खोडा."

"खोडता येत नाही बाबा. पण ते शेवटचं नव्हतंच ना. शेवटचं द्या, थांबेल."

"ऑपरेशन तर झालं नाही त्याचं."

"ज्यांचं माप घरून येत नाही त्यांना ऑपरेशन लागतं."

"मला डॉक्टरांना भेटायचं आहे."

"ते आता उठत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही दाब न धरता माप घ्या, तुमच्या हाताने. फोनवर सांगितलंत तरी चालेल."

मागे बाकावर म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

६

गुरुवारी दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि जिन्याखाली उभा राहिलो.

"हर्षल, खाली ये. माप घ्यायचंय."

वरून तो म्हणाला, "मला उतरता येत नाही आजोबा. पाय सोडतो."

फळ्या करकरल्या. माळ्याच्या चौकोनातून आधी तळवे आले. मग घोटे. मग नडग्या. नडग्या येतच राहिल्या. तळवे दुकानाच्या फरशीला टेकले, आणि वर चौकोनात अजून नडगीच होती. आमचा माळा आठ फुटांवर आहे.

मी टाचेला टेप लावली आणि जिना चढायला लागलो. टेप साठ इंचांची असते, ती चौथ्या पायरीला संपली. तिथे खडूची खूण केली आणि पुन्हा टेप धरली. कातडी गार नव्हती. माणसाची असते तेवढीच ऊब. पाचवीत तो सायकलवरून पडला होता, त्याची खूण नडगीवर होती. तेव्हा ती चवलीच्या नाण्याएवढी होती. आता वीतभर लांब झाली होती, सुतासारखी बारीक.

"वर येऊ नका," हर्षल म्हणाला. "तिथूनच घ्या."

मी थांबलो, कारण आवाज खाटेवरून आला नव्हता. आमचा माळा बारा फूट लांब आहे. त्यापलीकडे मोकळा बोळ आणि मग दुसऱ्याचं घर. आवाज बारा फुटांच्या पलीकडून आला होता.

दोन पायऱ्या चढलो आणि डोकं चौकोनातून वर काढलं. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा येत होत्या, त्यामुळे दिसत होतं. चौकोनाच्या काठावर नडग्या आडव्या झाल्या होत्या आणि फळ्यांवरून सरळ मागच्या भिंतीकडे गेल्या होत्या. जिथे भिंत असायला हवी होती, तिथेही अजून गुडघा आला नव्हता.

मी खाली उतरलो.

"किती भरलं?" त्याने विचारलं. फार लांबून.

मी टेप गुंडाळत होतो. ती गुंडाळली जाईना.

"आजोबा, पुरे झालं आता. मला उंच नको. त्यांना सांगा, थांबवा म्हणून. सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

७

फोन तेजस्विनीनेच उचलला.

"हां बाबा. घेतलं का माप?"

दुकानात त्याचे तळवे फरशीवर होते. मशीनच्या पायट्याशेजारी, जोडीने ठेवलेले. सिंधुबाई गेल्यानंतर त्या जागी कोणी पाय टेकून बसलेलं नव्हतं. डाव्या पायाचा अंगठा हलत होता. विचारात असला की तो लहानपणापासून अंगठा हलवतो.

मला विंचूरची म्हातारी आठवली. मंगळवारी आणि शुक्रवारी. तिची पिशवी.

"बाबा? आकडा सांगा, मी लिहिते."

"माप मिळालं नाही," मी म्हणालो.

"मग चालू ठेवायचं?"

"चालू द्या."

तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बराच वेळ मी तो कानाशीच धरून होतो.

"काय म्हणाले आजोबा?"

"वेळ लागेल म्हणाले."

"किती?"

"सांगितलं नाही. तोवर तुला अंग हलवायला जागा करतो. माळ्याच्या फळ्या काढू."

त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. मी शटर पूर्ण खाली ओढलं आणि आतून कुलूप लावलं. बाहेर खाजाभाईने दोनदा हाक मारली. मी दिवा लावला, पक्कड घेतली आणि टेबलावर चढून खालून खिळे उपटायला लागलो. खिळे गंजलेले होते. पहिली फळी सुटायला अर्धा तास लागला.

"सोडा आजोबा, मी वरून धरली आहे," तो म्हणाला. आवाज आता जवळून आला; गुडघ्यात घडी घालून तो अलीकडे सरकला असावा.

फळी सरकली. फटीतून त्याचा हात खाली आला आणि तिचं टोक माझ्याकडे दिलं. हात होता तेवढाच होता. लहान, नखं कुरतडलेली. मी फळी घेतली, भिंतीला लावली आणि वर न बघता दुसरीच्या खिळ्याला पक्कड लावली.